पाऊण विकलज

ग्युमरीत रात्री तीनला शहर पाणी पीत नाही.
तेव्हाच अझनीव बसते दाबाचे आकडे घेऊन,
शेगडीजवळ, पाय खुर्चीवर ओढून,
आणि आजोबांच्या वयाचे नळ
समीकरणात बसवू पाहते.

साधा विकलज विचारतो: या क्षणी काय चाललंय?
कालचं त्याला काही देणंघेणं नाही.
नळ तसा नसतो.
झडप फिरवली तरी लगेच ऐकत नाही,
जुना दाब अंगातून उतरायला वेळ घेतो,
गंजाचा, गाळाचा, कधीच्या तरी डागणीचा
थोडा थोडा हिशेब मागे ठेवत.
म्हणून ती शून्य नाही, एक नाही,
मधलीच कोटी धरते: पाऊण.
आपल्याकडे पूर्वी पोरं पावकी-निमकी घोकत
आणि पाऊणकीला अडत.
तीही तिथेच अडलीय.
पाऊण भाग बदल,
मग उरलेला पाव कशाचा?

बाकीचं न्यूरल नेटवर्कवर सोपवलेलं.
दोन वर्षांच्या रात्री तिने त्याला
घासाघासाने भरवल्या.
आता त्याला कळतं, उन्हाळ्यात
अंगणात गालिचे धुतात,
फुटबॉलच्या मध्यंतराला
सगळ्या मोऱ्या एकदम वाहतात.
फक्त एक्केचाळीस नंबरच्या जोडापाशी
ते रोज हट्टाला पेटतं:
इथे पाणी जातंय.
नकाशा म्हणतो, इथे कुणी राहत नाही.

कुठेतरी पाणी मुरतंय, ती म्हणाली.
वार्दगेस हसला नाही.
एकोणचाळीस वर्षं लाकडी दांडी कानाला लावून
रस्त्याखालची गळती ऐकणारा माणूस;
उजवा कान नळांसाठी राखलेला,
माणसांशी डाव्याने बोलतो.
'मुरत नाही,' म्हणाला. 'वाहतंय. चल.'

बर्फात दोघं. टॉर्च एकच.
भूकंपात बसलेल्या इमारतीच्या जागी
आता नुसता उतार,
आणि कमरेइतका दगडी पुलपुलाक,
गेलेल्यांच्या नावाने घातलेली पाणपोई.
बंद करायला चावी नाही,
बोटभर धार रात्रंदिवस वर उसळणारी.
काळ्या दगडावर तीन नावं.
तिसऱ्याला वार्दगेसचं आडनाव.
झडप त्याच्याच हातची, पाव आटा उघडी.
'गोठू नये म्हणून,' तो म्हणाला,
आणि टॉर्च दुसरीकडे वळवला.

अझनीव वाकून प्यायली.
दात शिवशिवले.

परत आल्यावर 'अनोळखी गळती'च्या रकान्यातून
तिने एक्केचाळीस खोडला.
ग्राहकांच्या यादीत, त्याच आकड्यापुढे,
लिहिलं: तीन माणसं.
नेटवर्कने पहाटेपर्यंत पुन्हा सगळं गिरवलं.
चूक खाली आली. अगदी शून्यावर नाही.

वार्दगेसने दांडी संगणकाच्या पेटीला लावली,
डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.
'पंख्यात कचरा अडकलाय,' म्हणाला.