गृहीत: जमीन सपाट आहे

केप्याच्या बाजारामागे एव्हारिस्त बार्रेतनं खोली बांधली,
मधोमध मांडलं वास्कोच्या बंद पडलेल्या क्लबातलं
बिलियर्डचं टेबल.
खालची तांबडी जमीन माझ्या बाबांनी घोटली, शाणू मेस्तांनी.
चेंडू सोडला की तो हळूच
खिडकीकडच्या खिशात जायचा,
आणि शेवटचा हप्ता
बार्रेतच्या खिशात राहायचा.

बाबांना भांडता येत नाही.
राग आला की त्यांना मापं आठवतात.
म्हणून एका आयताराला, मीस सुटल्यावर,
मीच गेले त्यांच्याबरोबर, अकरावीची वही घेऊन,
पाण्याची नळी गळ्यात.

दार, खिडकी, काउंटर: खडूच्या तीन फुल्या.
नळीतलं पाणी ठरेपर्यंत
कुणी बोलायचं नसतं, असं बाबा मानतात.
पाण्यापासून जमीन एकशे दोन.
एकशे दोन.
एकशे दोन.

मग वही.
दारापासून खिडकी, एक सदिश: सहा पूर्णांक दोन, शून्य, शून्य.
दारापासून काउंटर, दुसरा: दोन, साडेचार, शून्य.
‘दोनूच?’ बार्रेत म्हणाला.
दोन पुरतात, म्हटलं, तोंडं एकाच दिशेला नसली तर.
ह्या जमिनीवर मुंगीचं कुठलंही पाऊल
ह्या दोघांच्याच कमीजास्त बेरजेतलं.
दोघांचा सदिश गुणाकार केला:
शून्य, शून्य, सत्तावीस पूर्णांक नऊ.
आडवं काही उरलंच नाही, नुसतं वर.
पंख्याच्या हुकाला ओळंबा टांगला होता,
तो नुसता खाली.
एकच रेघ, दोन टोकं.
म्हणून जमीन पाणसळीत. मी खाली दोन रेघा मारल्या.

बार्रेत लिसेवात शिकलेला माणूस.
चष्मा पुसून त्यानं वही वरपासून वाचली,
आणि बोट पहिल्याच ओळीवर ठेवलं.
गृहीत: जमीन सपाट आहे.
‘हें कोणें सांगलें?’

तीन बिंदूंतून प्रतल जातंच.
मधल्या खळग्याचं ते काही बोलत नाही.
माझे कान तापले.
वहीत त्यावर उत्तर नव्हतं.

बाबांनी पिशवीतून पट्टी काढली, सहा फुटांची,
धार जमिनीला लावून उभी केली,
आणि मागे बॅटरी पेटवून मला म्हणाले, बघ.
उजेड पलीकडेच राहिला.
वीतभर सरकले. बघ.
पुन्हा वीतभर.
दारापासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून काउंटरपर्यंत,
टेबलाखालून पोटावर,
बाकी सगळं गुडघ्यांवर,
आणि पट्टीखालून एक किरण आला नाही.
अर्ध्या तासानं बार्रेत म्हणाला, पुरो.

त्यानंतरच बाबांनी पत्त्यांतला एक जोकर मागितला,
चौघडी करून टेबलाच्या काउंटरकडच्या एका पायाखाली सारला.
चेंडू जागच्या जागी बसला.
हे आधीच का नाही केलं? मी स्कूटरवर विचारलं.
म्हणाले, आधी केलं असतं
तर जमीन वाकडी होती असंच ठरलं असतं.

हप्ता मिळाला. पन्नास रुपये कापून,
खडूचे डाग पुसायचे.

रात्री बाबा भिंतीला टेकून पाय लांब करत होते.
उजवा गुडघा पूर्ण सरळ होत नाही,
खाली हात जाईल एवढी फट राहते.
वही उशाशीच होती.
मी उघडली नाही.