उरलेला शब्द

नॉर्थॅलर्टनच्या इस्पितळात, खिडकीकडच्या खाटेवर
विल्फ मेटकाफला झटका आल्यापासून
एकच शब्द उरलाय: कीप.

चहा हवा, कीप. पडदा सार, कीप.
बायकोचं नाव विचारलं
तर बराच वेळ थांबून, घसा खरवडून,
कीप.

डॉरीन म्हणते, कोंबड्यांचं विचारत असेल.
चाळीस वर्षं पाळल्या त्यानं.
तिच्या भाषेत कोंबड्या पाळणं, शब्द पाळणं,
हिशेब ठेवणं, गुपित पोटात ठेवणं,
दूध परवापर्यंत टिकणं,
सगळी ओझी ह्याच एका खेचराच्या पाठीवर.
रिचमंडला बस वळते तेव्हा दिसतो
तो किल्ल्याचा चौकोनी बुरूजसुद्धा कीपच.

रात्री कोश काढून बसले.
हजारेक वर्षांपूर्वी ह्याचा अर्थ होता
धरणं, हेरणं, डोळा लावून वाट पाहणं.
आणि त्याच्याही आधी?
माहीत नाही, असं सरळ छापलंय.
शेजारच्या भाषांमधून
खात्रीचा एकही भाऊबंद सापडत नाही.

माझं काम वाचा-उपचाराचं.
चित्रं दाखवायची: चमचा, किल्ली, कुत्रा.
तो प्रत्येकाला तेच नाव ठेवतो
आणि मी मनातल्या मनात लावत जाते,
ठेव. पाळ. जप. राख.
राखपाशी अडते.
आमच्याकडे सांभाळ म्हणायलाही राख
आणि सगळं जळल्यावर उरते तीही.
हे मी त्याला सांगितलं, चक्क मराठीत.
हसला. अर्ध्या तोंडानं.

गुरुवारी तास संपला. त्याच्या डाव्या मुठीत
माझी पेन्सिल, टोक चावलेली.
मी हात पुढे केला.
कीप, म्हणाला.

आता, माझ्या भाषेत क्रियापद तोंड उघडतं
आणि घरातलं सगळं सांगून टाकतं:
ठेवतो म्हटलं की तो, ठेवते म्हटलं की ती,
ठेव म्हटलं की समोरची.
ह्यांचं उघडंबोडकं. ना पुरुष, ना वचन.
कोणी ठेवायची, विल्फ? तू की मी?

त्यानं मूठ उघडली नाही,
मीही हात मागे घेतला नाही.
जेवणाची गाडी खडखडत वॉर्डात शिरली.
वाटाणे होते, आणि कसलंसं पांढरं मासळीचं.