हाडाला ऐकू येतं

तासगावात मणेराजुरी रोडला माझं शेड.
पाटी नाही.
द्राक्षाचा पिकअप रात्री दोनला बंद पडला
की हाक मलाच.

कान गेले. तीस वर्षं बिनसायलेन्सरचे
ट्रॅक्टर रेस केले, त्याची पावती.
जैबून तिसऱ्यांदा सांगते, भाकरी वाढलीय.
मी म्हणतो, कुठली गाडी?

पण स्क्रू-ड्रायव्हरचं टोक टॅपेटवर
अन् मूठ कानामागच्या हाडाला टेकवली
की आतलं सगळं कळतं.
दोन नंबरचा वॉल्व्ह कुरकुरतोय.

पिकअपवाला पेटी ठेवून गेला,
पैसे पुढच्या बाजारी.
रॉकेलनं हात धुतले, तरी
मण्याला डिझेलचीच चव.

नातू पालथा झोपलेला.
त्याच्या पाठीला तेच हाड टेकवलं,
उगाच.

टायमिंग बरोबर आहे.