टबातले दगड

सहा आठवडे झाले, आमच्या न्हाणीघरात दगड राहतात.
मी आंघोळीला बहिणीकडे जाते, बस बदलून.
बाहेर उणे एकतीस. केस ओले राहिले तर
स्टॉपवर उभ्या उभ्या त्यांच्या काड्या होतात.
रुफिनो म्हणतो, अजून थोडेच दिवस, पेर्ला.
विनिपेगला येतानाही तो हेच म्हणाला होता.

तेवीस वर्षं त्याने या शहरात काँक्रीट ओतलं:
पार्किंगचे मजले, पुलाचे खांब, धान्याची कोठारं.
ओल्या मिश्रणात व्हायब्रेटरची सुई खुपसून
बुडबुडा न् बुडबुडा वर काढायचा.
साचा उघडल्यावर एक जरी पोकळी दिसली
तर मुकादम तिच्यात गाडीची चावी घालून खोली बघायचा
आणि पगाराच्या दिवशी ती विसरायचा नाही.

आता रिटायर झालाय, आणि गॅरेजमध्ये गुडघ्यांवर बसून
मुद्दाम भोकं पाडतोय.

एक वाटी पांढरं सिमेंट.
तीन वाट्या शिंपल्यांचा चुरा, कोंबड्यांना घालतात तो,
शेतीच्या दुकानातून पोतंभर आणलेला.
दोन वाट्या जाडं मीठ. पाणी बेतानं,
मुठीत दाबलं तर आकार धरावा, ओघळू नये.
(वाटी माझी, तांदूळ मोजायची. ती आता गेलीच.)
ओल्या वाळूत खड्डा करून त्यात थापायचं
आणि बोटं घालायची, पार पलीकडे निघेपर्यंत.
माशाच्या मागे कोणी लागलं
तर पळायला दुसरं दार हवं, म्हणतो.
हातमोजे घाल म्हटलं तर ऐकत नाही.
बोटांची टोकं सोलून निघालीयत.

मीठ विरघळतं, जाताना आपली जागा रिकामी सोडतं.
त्या जागेत पुढे कोणीतरी राहायला येतं.
यात बाकी काही अक्कल नाही, म्हणतो.

रोज रात्री कागदाची पट्टी बुडवून रंग बघायचा.
पहिल्या आठवड्यात जांभळी, पाणी हाताला झोंबणारं.
उपसा, भरा. उपसा, भरा.
पाण्याचं बिल मी पिठाच्या डब्यामागे ठेवलंय.
मग निळी.
मग निळ्यात कुठेतरी हिरव्याचा संशय.

त्याच्या वडिलांना मी पाहिलं नाही, फक्त ऐकलंय.
बोहोलच्या किनाऱ्यावर ओहोटीला पहार घेऊन जायचे,
होडीभर प्रवाळ फोडून आणायचे,
नारळाच्या करवंट्यांवर भाजून चुना करायचे.
चर्चचं कुंपण, गावच्या कप्तानाचा ओटा, शाळेच्या पायऱ्या.
लहानग्या रुफिनोकडे तुकडे झटकायचं काम.
भोकांतून खेकडे पडायचे, कोळंबीची पिल्लं,
करंगळीएवढे मासे, वाळूवर तडफडत.
हाताला लागतील तेवढे तो परत पाण्यात फेकायचा.
जे आतच राहायचे, त्यांचा भट्टीतून आवाज यायचा.
कसला, ते त्याने कधी सांगितलं नाही.
शाळेच्या त्याच पायऱ्यांवर बसून तो पाढे शिकला.

काल रात्री पट्टी हिरवी निघाली.
मला झोपेतून उठवून दाखवली, दिव्याखाली धरून,
सोनोग्राफीचा फोटो दाखवावा तशी.

दगड पेटीत रचले तेव्हा, खरं सांगू,
करपलेल्या पावासारखे दिसत होते. तसं मी बोललेही.
तो हसला. वर्षभरात जांभळे होतील, म्हणाला,
आपण काही करायचं नाही.
मधोमध त्याने दुकानातून आणलेला एक जिवंत तुकडा ठेवला,
नखाएवढा, चांगला महाग.

आज पहाटे तो जमिनीवर पालथा, हातात टॉर्च.
मीही वाकले, कंबर धरून.
आमच्या एका भोकातून
दोऱ्याएवढा पाय बाहेर आला. मग दुसरा.
तारामाशाचं पोर असावं, त्या तुकड्यातून आलेलं.
पाय पाण्यात हलवून बघितले, आत घेतले,
पुन्हा आलंच नाही.
"कितवं भोक?" रुफिनोने मला विचारलं,
जसा काही मी नकाशा ठेवलाय.

मी टब घासायला घेतलाय.
चुन्याची एक रेघ चारी बाजूंनी बसलीय,
पोटऱ्यांपर्यंत पाणी यावं त्या उंचीला.
निघत नाही.
बाहेर बर्फाचा नांगर रस्त्यावर मीठ टाकत चाललाय.