ओट

प्रतापनगरच्या शेडमध्ये हंबीरदादाने बोट बांधली,
छकड्याचं जुनं डिझेल इंजिन,
तीन वर्षं आणि वहिनीचा अबोला लावून.
नाव ठेवलं बगळी.
मी चित्रकलेची निवृत्त बाई,
म्हणून नकाशा माझ्याकडे.

कोजागिरीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे
कमाटीबागेच्या खालून सुटलो.
विश्वामित्रीला पाणी होतं, म्हणजे
तळ दिसत नव्हता एवढंच.

मगरींना सांभाळा, असं सगळे म्हणाले होते.
मगरी काठावर पडून होत्या
ओल्या गोणपाटासारख्या,
आमच्याकडे बघायचेही कष्ट न घेता.
आम्हाला अडवलं ते साडीने.
मोरपंखी, जरीकाठाची, कुणी नदीला वाहिलेली,
पंख्यात अशी गुंडाळली
की इंजिन एक उचकी देऊन गप्प.
दादा कमरेइतक्या पाण्यात, दातांत विळा,
मी वल्हं उगारून उभी.
एका मगरीने डोळा उघडला.
मिटला.
नकाशावर त्या वळणाशी मी लिहिलं: साडी.

मग जलपर्णी, जिच्यावरून चालत जाता येईलसं वाटतं.
मग बंधारा. चार गुराख्यांनी
बिस्किटांच्या पुड्यांवर बोट उचलून पलीकडे ठेवली.
झोळ पडलेली विजेची तार, आम्ही दोघं आडवे.
आणि मोडक्या पुलाचा खांब,
जो पाण्याखाली एक वीतभर दडून उभा असतो;
पाणी त्याच्यावरून जाताना किंचित भुवई उंचावतं.
दादाला तेवढी भुवई पुरायची.
चाळीस वर्षं रूळांना कान लावलेला माणूस.

पिंगळवाड्याला ढाढर मिळाली.
पाणी रुंद होत गेलं तसे आम्ही कमी बोलू लागलो.

तिसऱ्या दिवशी, जाळं विणत बसलेला हसमुख माछी
काठावरून ओरडला, "बेन, ओट आवशे! जलदी आवशे!"
जन्म बडोद्यात गेला, गुजराती माझी
खंडेराव मार्केटात भांडण्याइतकी चोख,
पण समुद्राची गुजराती मला कुणी शिकवावी?
मला ऐकू आलं ओठ.
मी हसून हात हलवला.

भरती दोन्ही भाषांत भरतीच.
जाताना आपल्याकडे ओहोटी,
मधे ह-चा एक श्वास घेऊन, सावकाश.
त्यांच्याकडे ओट.
झालं.
आणि खंभातचं आखात त्यांच्या भाषेत रिकामं होतं.

चहा उकळेपर्यंत बगळी कलंडली.
एकीकडे मैलभर चिखल, पुढे काठ.
दुसरीकडे मैलभर चिखल, पुढे पाणी.
दादा उतरायला निघाला. "थांब," म्हटलं,
आणि वल्हं खाली सोडलं.
मुठीपर्यंत गेलं. मूठही गेली असती.

सहा तास.
शेव संपली. खेकडे आले, बघून गेले.
ऊन कलल्यावर दादा म्हणाला,
"तुला सांगायचं राहिलं. मला पोहता येत नाही."
"ठाऊक आहे," मी म्हटलं,
"सुरसागरच्या पायरीवर
वेणीचं टोक कुणी दिलं होतं तुला?"
तो बराच वेळ माझ्या पिकल्या अंबाड्याकडे बघत राहिला.

अंधारात बॅटरी तोंडात धरून
नकाशावर मी ती जागा नोंदवली.
मराठीत लिहिलं, खोडलं.
गुजरातीत लिहिलं: ओट,
वरची रेघ न ओढता.

चंद्र उशिरा वर आला, तांबूस, एका बाजूने चेपलेला.
दादाने बोटीच्या लाकडाला कान लावला,
जसा यार्डात लावायचा,
मला तर काहीच ऐकू येत नव्हतं.
"येतेय," म्हणाला. आणि मग,
"भरलेली आहे."
"नाक तिकडेच आहे ना आपलं?"
"आहे. नशिबाने."

नकाशा गुंडाळून पदराखाली खोचला
आणि इंजिनची दोरी मी हाताला दोन वेढे घेऊन धरली.