कोणाच्या जल्माक

तेल काढताना इनास ब्रिटो बोलत नाही.
शिरोड्याच्या तिठ्यावर, पत्र्याच्या आडोशाला,
जॅकवर चढवलेल्या पिकअपखाली तो उताणा,
छातीवर टॉर्च,
आणि त्याच्या कोपराजवळून टपात पडते काळी धार.
मी वाकून बघतो.
काजूची बी भाजताना करपली की येतो तसा वास,
बोटांना लागला तर दोन दिवस न सुटणारा.

गाडीला क्लच नाही.
म्हणून तर घेतली, दोन हातांतून फिरलेली, एका ठेकेदाराकडून.
डावा पाय रापणीच्या दोरीत गेला त्याला सहा वर्षं झाली.
पाय आहे, पण सांगितलेलं ऐकत नाही.
या गाडीला तो लागतच नाही.
गिअर आपले आपण पडतात,
तारामती ओठ न हलवता हिशेब करते तसे.

ठेकेदार म्हणाला होता, गिअरमधलं तेल जन्मभराचं,
पुस्तकात छापलंय, झाकण उघडायचंसुद्धा कारण नाही.
मी उघडलं नाही.
एक लाख बारा हजारांवर घेतली,
त्रेसष्ट हजार माझे,
एकदाही उघडलं नाही.

परवा आंबोलीच्या घाटात,
मागे बत्तीस क्रेट बांगडे, वर बर्फाचा चुरा,
बेळगावचा बाजार पहाटे पाचचा.
धबधब्याच्या अलीकडच्या वळणावर
इंजिन ओरडलं आणि गाडी जागच्या जागी.
मी दाबतोय, काटा चढतोय, चाक ढिम्म.
वाळूत बसलेल्या होडीला वल्ही मारावीत तसं.
फळीच्या फटीतून बर्फाचं पाणी रस्त्यावर आलं
आणि उतारानं
समुद्राकडे परत निघालं.

इनास बाहेर येतो, रॉकेलनं हात धुतो.
जन्मभराचं होतं, मी म्हणतो.
"कोणाच्या जल्माक रे?
तेलाच्या, गाडयेच्या,
की विकून मोकळो झालेल्या त्या ठेकेदाराच्या?"

मग तो जमिनीवर खिळ्यानं आकडे काढतो.
सपाटीवर, रिकाम्या गाडीला साठ हजार.
घाट असेल तर चाळीस.
घाट, बर्फ, मिठाचं पाणी आणि वर मी:
तीस. त्याच्या पुढे एक दिवस नाय.

सगळं काढ, मी म्हणतो, एकदाच धुऊन टाक.
तो मान हलवतो.
"घासान घासान जी पूड पडली, तीच आता पट्ट्यांका धरून आसा.
ती एकदम काढलंय तर धरतला कोण?
अर्धा काढूचा, नवा घालूचा, हजारभर फिरून परत येवचा.
जुना वाईच आत रवताच."

नवं तेल डब्यातून नरसाळ्यात उतरतं,
कोकमाच्या आगळासारखं लाल.
इतकं लाल की तारामती, जी आतापर्यंत स्टुलावर गप्प होती,
उठून बघायला येते.
इंजिन चालू. ब्रेकवर उजवा पाय.
पी, आर, एन, डी,
प्रत्येक घरात गिअर थोडा थोडा थांबवत, पुन्हा मागे.
गरम असतानाच माप घ्यायचं,
थंड गाडी खोटं सांगते.
इनास काठी पुसतो, बुडवतो, पांढऱ्या फडक्यावर टेकवतो,
डाग कडेला कसा पसरतो ते बघत राहतो
आणि पैशाचं काही बोलत नाही,
म्हणजे जास्त होणार.

टपातलं काळं तो कुंपणाच्या खांबांना लावणार आहे,
वाळवी येत नाही म्हणे.

तारामतीनं वहीत लिहिलं:
एक लाख शहात्तर, परत अर्धं.
त्याच्या वरची ओळ, बांगडे, निम्म्या दरात.
खालची ओळ रिकामी.

घरी येताना रेडीच्या चढावर
गाडी दुसऱ्यातून तिसऱ्यात गेली
आणि एक हिसका बसला, बारीक.
तिला कळला नाही.
मला कळला, आणि तोही
डाव्या पायात.