रानचेरीची थंडी

कुलदीगा गाव, मे महिन्यातला दुसरा शनिवार.
पिंपातल्या पाण्यावर सकाळी बर्फाचा पापुद्रा होता,
बोट लावलं तर मोडला, काही हट्ट न करता.

आउस्मा ओसरीत खुर्चीवर,
डावा पाय स्टुलावर, गुडघ्यात नवी धातूची वाटी.
चाळीस वर्षं ही बाग तिची.
मी विजेच्या खांबांवर चढणारा माणूस,
जमीन मला ठाऊक ती वरून.
आज ती काठीने दाखवते आणि मी वाकतो.

"माती मुठीत घे. दाब. आता सोड."
ढेकूळ तसंच राहिलं, माझ्या बोटांचे ठसे घेऊन.
"वाफसा नाही अजून. चहा पिऊन ये."
चहा पिऊन आलो. पुन्हा मूठ दाबली, सोडली.
ढेकूळ जरा विचारात पडलं,
मग भुरभुरलं.
"आता."

बटाटे लावायचे तर म्हणे
बर्चची पानं उंदराच्या कानाएवढी हवीत.
कुंपणापाशी जाऊन बघून आलो.
कुठल्या उंदराच्या, ते विचारायचं राहिलं.

कोंब वर, पोट खाली, दोघांत एक पाऊल अंतर.
"तुझं नाही, इल्मार्स. माझं पाऊल."
मग वाटाणे, मग कांद्याच्या दोन ओळी,
दुसरी थोडी दारू प्यायल्यासारखी.
मग निंदणी. मी जोरात होतो,
तण म्हणून जे जे हिरवं ते ते उपटत,
आणि ओसरीतून काठी आपटल्याचा आवाज:
"शेपू आहे तो! आपणहून उगवलेला!"
वास आला तेव्हा उशीर झाला होता.
मुठीतला शेपू मी जेवताना दह्यात घातला.
ती काही बोलली नाही, दोनदा वाढून घेतलं.

दुपारी तिचा डोळा लागला
आणि मला सुचलं शहाणपण.
खिडकीत मार्चपासून वाढवलेली टोमॅटोची रोपं,
दह्याच्या रिकाम्या डब्यांतली, एकतीस,
सगळी नेऊन लावली उघड्या वाफ्यात.
आळी केली, पाणी घातलं, काठ्या रोवल्या.
उठेल तेव्हा बघेल, म्हटलं.

उठली. बघितलं.
तेवढ्यात कुंपणापलीकडून शेजारची द्झिद्रा,
हातात रेवंदाच्या देठांची जुडी:
"ओढ्याकाठी रानचेरी फुलली गं, पांढरीशुभ्र."
रानचेरी फुलली की थंडी परत येते
विसरलेली छत्री न्यायला आल्यासारखी.
हे इथे पोरासोरांनाही माहीत.
खांबावरच्या माणसाला नव्हतं.

मी शिव्यांची वाट पाहिली.
"किती लावलीस?"
"एकतीस."
"बादल्या किती?"
"सहा."
ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली.
"कपाट उघड," म्हणाली.

आधी पडदे. मग चादरी, त्यांतली एक लग्नातली.
मग माझा खात्याचा जाड डगला, खिशात अजून फ्यूज.
इनेसेचा नाचाच्या वर्गाचा घागरा,
तिच्या लेकीला मोठा, तिला लहान.
आणि गिर्त्सचा शाळेतला कोट,
डब्लिनला जाताना तो म्हणाला होता, टाकून द्या.
तिने दिला नव्हता. मी विचारलं नव्हतं.
काठ्यांवर सगळे एकेक करून पांघरले,
कडांना दगड ठेवले.
अंधार पडला तसा वाफा
माणसं दाटीवाटीने निजलेली असावीत तसा दिसायला लागला.
सुट्टीत सगळे घरी आलेत
आणि अंथरुणं कमी पडलीत.

"एक उघडं राहिलंय, डावीकडचं शेवटचं," ती म्हणाली
आणि डोक्याचा रुमाल सोडला.

रात्री तीनला जाग आली.
बॅटरी घेऊन बाहेर गेलो. गवत करकर वाजलं पायाखाली.
कोटाच्या खांद्यावर दव गोठलेलं.
गुडघे टेकून बाहीत हात घातला, कोपरापर्यंत.
पान लागलं बोटाला.
आत अजून दुपार होती.

"दार लाव," आतून आवाज आला,
"आणि त्याचं वरचं बटण लाव."